भाकरी-नोंद, दिवस ५८ : विरी गेलेलं पीठ आणि तीन कोरे चौकोन

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ज्वारीच्या सलग चार भाकऱ्या टम्म फुगल्या, आता हात बसला. हात-बित काही बसला नव्हता. पुढच्याच सोमवारी गोळा परातीत घेतला, थापायला लागलो आणि तळहाताएवढी होते न होते तोच भाकरी कडेने तडकायला लागली. उचलायला गेलो तर निम्मी हातात, निम्मी परातीत. दुसरीचं तेच. तिसरी कशीबशी तव्यावर पडली आणि पाणी फिरवताना मधोमध फाटली. रात्रीचे साडेनऊ झाले होते. उरलेलं पीठ झाकून ठेवलं, खाली उतरलो आणि उभ्याउभ्या दोन वडापाव हाणले.

ठरवलेलं जेवण जमलं की कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी रोज एक रेघ मारतो, ती त्या दिवशी मारली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. सलग ४१ रेघा आणि मग तीन कोरे चौकोन.

गुरुवारी तपास सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पाणी : कोमटाऐवजी चांगलं कडक घेतलं. फरक थोडा, पण कडा फाटायच्या त्या फाटल्याच. मग मळणं : तळहाताच्या टाचेने रगडून दहा मिनिटं. मनगट दुखलं, भाकरी तशीच. मग तवा. नेहमीचा लोखंडी बाजूला ठेवून बिडाचा काढला. आच छान धरतो, पण तापायला वेळ घेतो आणि परातीतच मोडणाऱ्या भाकरीला तवा तरी काय करणार! (नॉनस्टिकवर भाकरी करणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. एवढ्या आचेवर त्या लेपाचं काय होत असेल, याचीच काळजी वाटते.)

शेवटी आईला सोलापूरला फोन लावला आणि व्हिडिओवर परात दाखवली. तिने दोन सेकंद बघितलं असेल. "आरं, विरी गेलीया पिठाची. त्याला भाकरी मागू नगंस, धपाटं लाव." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा.

पहिले ४१ दिवस मी तिने दिलेलं मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ वापरत होतो. ते संपलं आणि मी ऑनलाइन पाच किलोचा पुडा मागवला. वर 'दगडी जात्यावर दळलेलं' वगैरे झकास छापलेलं. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, पॅकिंगची तारीख साडेतीन महिन्यांपूर्वीची. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. तिला धरून ठेवतं ते गरम पाण्याने फुललेलं पिठातलं स्टार्च आणि आपलं रगडणं. पीठ जुनं झालं की तो चिकटपणा जातो. हे सगळं मला वाचून माहीत होतं, तरी तीन दिवस मी स्वतःच्या हातालाच शिव्या घालत होतो. खात्रीसाठी गिरणीतून अर्धा किलो ताजी ज्वारी दळून आणली. तेच पाणी, तोच तवा, तोच अडाणी हात, आणि भाकरी ताटाएवढी थापली गेली. कडा गुळगुळीत. पापुद्रा सुटला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तरी साडेचार किलो जुनं पीठ शिल्लक होतंच. त्यासाठी उकड : वाटीभर पाण्याला मिठासकट उकळी, वाटीभर पीठ, गॅस बंद, दहा मिनिटं झाकण, मग गरम असतानाच मळायचं आणि पोळपाटावर लाटायचं. मोडत नाही. फुगतेसुद्धा! थापलेल्या भाकरीची खरपूस चव येत नाही, जरा चिवट लागते. लाटलेली भाकरी ही भाकरीच नव्हे, असं मीच दिवस १२ च्या नोंदीत ठणकावून लिहिलं होतं. मागे घेतो.

मला खरं बोचतंय ते निराळंच. सोमवारी फ्रीजमध्ये मोड आलेली मटकी होती, मेथी निवडलेली होती, डब्यात कणीक होती. पण माझा नियम चार खांबांचा : भाकरी, पालेभाजी, उसळ, कच्चं. चारांतलं एक पडलं की रेघ नाही. रेघ नाहीच तर मग वडापाव का नाही? आणि पोळीत असं काय वाईट होतं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत तंतुमय पदार्थ साधारण १० ग्रॅम आहेत आणि गव्हाच्या कणकेत साधारण ११. म्हणजे मटकीची उसळ-पोळी सोडून मी मैद्याचा पाव खाल्ला, तोही ज्वारीच्या निष्ठेपायी!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात (२०१०) सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले होते. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. माझंही एका दिवसाने बिघडलं नसतं. मंगळवार-बुधवार मात्र मी रागाने घालवले.

म्हणून गुरुवारपासून नियम बदलला : चारांतलं कुठलंही दोन ताटात असलं की रेघ. १४ दिवसांत १४ रेघा. पाच दिवस थापलेली भाकरी, चार दिवस लाटलेली, तीन दिवस धपाटी, दोन दिवस चक्क पोळी. धपाट्यांनी जुनं पीठ भराभर संपतंय. बेसन, थोडी कणीक, ओवा, तीळ, भरपूर लसूण-मिरची, आणि ओल्या फडक्यावर थापायचं. तडकलेली कड तेलात खुसखुशीत होते, म्हणजे दोषाचीच चव लागते.

पुढच्या महिन्यात घरघंटी घ्यायचा विचार होता. इथे लिहायलाही घेतला होता, पण लिहिता लिहिताच वाटलं, हे पुन्हा तेच. आधी यंत्र, मग भाकरी, तोवर वडापाव. त्याऐवजी धान्य घरात ठेवायचं आणि आठवड्याला किलोभरच दळायचं. गिरणीवाले काका दोन किलोंच्या खाली तोंड वाकडं करतात, शिवाय गव्हामागून दळलं की आपल्या ज्वारीत गहू येतो. समोरच्या काकू अर्ध्या वाट्याला तयार आहेत. त्या बाजरीवाल्या, पण ज्वारीवर आणल्यात. डब्यावर दळणाची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावणार. आणि हो, आत्ताच सुचलं : त्यातलं वाटीभर पीठ फ्रीजमध्ये आणि वाटीभर बाहेर ठेवून तीन आठवड्यांनी दोन्ही थापून बघतो, विरी कुठे टिकते ते कळेल.

खानदेशातल्या मित्राने दादर ज्वारी पाठवलीय. उकड न घेता ती कुणी थापली आहे का? शनिवारच्या आत सांगा, गिरणी दुपारी बंद होते.