पिंटरेस्ट बंद, टेप काढा

इंटिरिअर डिझाइनच्या पोरांची क्रिएटिव्हिटी वाढवा म्हणून सगळेच सांगतात, पण कशी विचारलं की नवीन सॉफ्टवेअर आणा, मूडबोर्ड (रंग-कापड-फोटोंचा तक्ता) करून घ्या, झालं. आमच्या बेळगावात मला तरी उलटंच दिसतंय. पोरांकडं आयडिया ढीगभर असतात, फक्त सगळ्यांच्या सारख्याच, पिंटरेस्ट या फोटोंच्या साइटवरनं उचललेल्या. खानापूरचं पोर असो, निपाणीचं असो नाहीतर वडगावचं, हॉल म्हटला की ग्रे सोफा, टीव्हीमागं उभ्या खाचांचं फ्लुटेड पॅनेल आणि सीलिंगला पट्टीसारखी प्रोफाइल लाइट. घरी पुढच्या सोप्यात आज्जी खाली बसून शेंगा फोडत्या, ती ड्रॉइंगमध्ये कुठंच नाही.

म्हणून पहिल्या सेमला मी फोन बाजूला ठेवायला लावते आणि आपलं नाहीतर शेजारचं घर टेपनं मापून आणा म्हणते. नुसत्या भिंती नाही हं, चपला कुठं काढतात, दुपारी ऊन कुठपर्यंत येतं, पाहुणे आले की कोण कुठं झोपतं, सगळं. किचनचा कट्टा ३२ ते ३४ इंच हे पुस्तकात असतंच, पण आईला त्याच कट्ट्यावर चपाती लाटताना खांदे उचलावे लागतात हे बघितलं की मग पोरगी स्वतःच विचारते, सगळा कट्टा एकाच हाइटचा कशाला?

वडगावच्या एका पोरीनं आपलंच घर घेतलं. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागं धाकट्या भावाचा दहावीचा अभ्यास. आधी तिनं मधे सुताच्या बाचक्यांचं रॅक लावलं, सूत मागाचा आवाज खाईल म्हणून. मी काही बोलले नाही, फक्त घरी जाऊन छपराकडं बघ म्हटलं. मधली भिंत कौलांपर्यंत गेलेलीच नव्हती! आवाज वरून येत होता, आणि मऊ सामान खोलीतला घुमणारा आवाज कमी करतं, पलीकडून येणारा अडवत नाही, हे मी चार लेक्चर देऊन पटलं नसतं. शेवटी तिनं भिंत वरपर्यंत नेली, अभ्यासाची जागा परसाकडं सरकवली, मागाच्या पायाखाली रबर पॅड सुचवले. दिसायला एकदम साधं डिझाइन, पण मला वर्षातलं सगळ्यात भारी वाटलं.

अट घातली की डोकं चालतं, हे काय माझं संशोधन नाही. जर्मनीत बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत योझेफ आल्बर्स १९२३ पासून शिकवायचे, ते पोरांच्या हातात कागद द्यायचे आणि वाया न घालवता यातूनच काय ते काढा म्हणायचे. आमच्याकडं अट म्हणजे ८ बाय ४ च्या एकाच प्लायशीटमध्ये स्टडी टेबल बसवा, कटिंग प्लॅनसकट. प्लॅन मिस्त्रीला दाखवायचा, तो हसला तर परत करायचा. आमचा मिस्त्री फार हसतो.

मार्कांचं पण बघायला पाहिजे. फायनल रेंडरलाच, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या देखण्या चित्रालाच मार्क असतील तर पोरं रेंडरच करणार ना, त्यांचा काय दोष? मी टाकून दिलेले ऑप्शन पण फाइलला लावायला सांगते, का टाकले ते एका ओळीत लिहून. आणि ज्यूरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्यांसमोर, मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, चालतंय. इंग्लिश जुळवता जुळवता पोरं मुद्दाच गिळतात.

पुढच्या सेमला विषय ठरलाय, खानापूर भागातल्या पावसात ओले कपडे घरात वाळवायचे कुठं. तिकडं कुणाचं जुनं कौलारू घर मापायला मिळणार असेल तर कळवा, पोरं येतील, चहा मात्र पाजावा लागेल.