जनावर सगळ्यात शेवटी घ्या

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजार होतो, आणि पुढच्या महिनाभरात कुणीतरी हमखास विचारतं: घोडा घेतलाय, तापीकाठी शेत आहे, आता विशेष मुलांसाठी जनावरांच्या सोबतीने थेरपी कशी सुरू करायची? इथे सगळा क्रमच उलटा झालेला असतो. आधी थेरपिस्ट, मग जागा, मग जनावर सांभाळणारा माणूस, आणि या तिन्हींची घडी बसली की जनावर. त्यातही घोडा शेवटचा.

थेरपिस्ट म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारा), क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक, आणि तोही नोंदणी असलेला. सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षकाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते, १९९२ चा कायदाच आहे तसा. प्राण्यांबरोबर काम करण्याचा चार दिवसांचा कोर्स केला म्हणून कुणी थेरपिस्ट होत नाही. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६० च्या दशकात कुत्र्याच्या सोबतीने मुलांवर उपचार करण्याची पद्धत मांडली, तेव्हाही उपचार लेविन्सन करत होते, कुत्रा नव्हे. असा माणूस मिळत नसेल तर फलकावर ‘थेरपी’ लिहू नका. ‘शेतावरचा उपक्रम’ लिहा, फी कमी घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

थेरपिस्टने पहिल्या भेटीत ध्येय कागदावर उतरवायचं, तेही मोजता येईल असं. ‘मूल खूश राहील’ हे ध्येय नव्हे. ‘बकरीला पाला घालताना मूल शब्दाने, खुणेने किंवा चित्र दाखवून तीनदा स्वतःहून मागेल’ हे ध्येय. घरी अहिराणी बोलत असतील तर सत्रातही ‘इकडे ये’ऐवजी ‘आठे ये’च म्हणा. प्रमाण मराठीचा धडा त्याच वेळी घ्यायची गरज नाही.

आता जागा. दहा गुंठे पुष्कळ झाले, पण कोणते दहा गुंठे ते बघा. आपल्याकडची काळी कसदार जमीन कापसाला चांगली, व्हीलचेअरला वाईट. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि जूनच्या पहिल्या पावसात चाक जागेवरच रुततं. म्हणून मुलं जिथे चालणार तेवढी चार ते पाच फूट रुंदीची वाट उकरा, सहा इंच मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा आणि एका बाजूला हलका उतार ठेवा. एकाच थरात सगळा मुरूम ओतला तर वरचा भाग घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात वाट खचते. सावलीला निंब, चिंच असेल तर उत्तम. कण्हेर दिसली की मुळापासून काढा, बकरी आणि घोडा दोघांनाही ती विषारी आहे. गाजर गवत फुलावर येण्याआधीच उपटा.

आणि विहीर. ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, हात सुटला की मूल सरळ पाण्याकडे धावतं. कठडा नसलेली विहीर शंभर मीटरवर असली तरी ती आपलीच समजा. शेततळं त्याहून वाईट. त्याचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की धडधाकट माणसालाही त्यावरून वर येता येत नाही. म्हणून तळ्याला सगळीकडून पाच फूट जाळी, फाटकाला कुलूप आणि आत काठाला बांधून सोडलेले गाठींचे दोर हवेत. मोटारीचा स्टार्टरही पेटीत बंद ठेवा. विहीर, तळं आणि मोटार या तिन्हींचा बंदोबस्त झाल्याशिवाय एकही मूल बोलावू नका.

शेजाऱ्याच्या कापसावर, केळीवर फवारणी कधी आहे ते आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं. फवारणीच्या दिवशी सत्र नाही.

वेळेचं गणित सोपं पण कडक आहे. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. मार्चअखेरपासून सत्रं सकाळी साडेसहा ते साडेआठ, बस्स. संध्याकाळी पाचला ऊन उतरल्यासारखं वाटतं, पण जमीन तापलेलीच असते. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवा, ठेववली नाही तर कुत्र्याच्या पंजालाही सोसणार नाही. पालकांकडून औषधांची यादी घ्या. फिट येणाऱ्या मुलांना टोपिरामेट चालू असेल तर घाम कमी येतो आणि अंग लवकर तापतं, अशा मुलाला सावलीतच ठेवायचं. मे महिना सरळ बंद ठेवलेला बरा. तसंही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निम्मे पालक गावी जातात.

पहिलं जनावर म्हणून बकरी घ्या. शेळी हो, बोकड नको: तो वास मारतो आणि धडकाही. एक ते तीन वर्षांची, बाटलीवर वाढलेली, शिंगं नसलेली किंवा लहान असलेली, उस्मानाबादी किंवा गावरान. एकटी नको, दोन घ्या. एकटी बकरी दिवसभर ओरडते आणि ऐकायलाही त्रास होतो. आणण्याआधी पशुवैद्यकाकडून ब्रुसेलोसिस रोगासाठी रक्त तपासून घ्या, कारण तो माणसाला होतो. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, आठवड्याला गोचीड बघणं, हे नियमाने. गाभण झाली की सत्रातून बाहेर.

चाळीस मिनिटांचं सत्र साधारण असं चालतं. हात धुवून मूल मुरमाच्या वाटेने एक फेरी मारतं. मग केळीचं पान हातात. ते शिरेजवळ धरून बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या. दोन्ही हात एकमेकांविरुद्ध ओढले तरच पट्टी सरळ निघते, आणि थेरपिस्टला हवं ते, म्हणजे दोन्ही हातांचं एकत्र काम, इथेच आहे. एक पट्टी, एक मागणी, मग बकरीला. पुढे लिटरभराच्या मगाने बादलीतून घमेल्यात पाणी, मऊ ब्रशने पाठ आणि खांदा घासणं, पुन्हा साबणाने हात. बकरी आखूड दोरीने बांधायची नाही. तिला मुलांना बंदी असलेला एक कोपरा हवा. ती तिथे निघून गेली तर ओढून आणू नका. थांबणं, वाट पाहणं हाही त्या दिवसाचा धडाच.

बिघडतं कुठे? खाऊपाशी. पालक कौतुकाने पाव, पोळ्या, ज्वारी, मका आणतात. भरपूर धान्य पोटात गेलं की बकरीच्या पोटात आम्ल वाढतं आणि ती दगावूही शकते. बाहेरचा खाऊ फाटकावरच ठेवून घ्यायचा.

जनावर धरणारा माणूस वेगळाच लागतो. एकाच माणसाला मूल आणि जनावर दोन्हीकडे लक्ष देता येत नाही. पदवीधर पोरापेक्षा आयुष्यभर बकऱ्या राखलेला आप्पा इथे जास्त उपयोगी. जनावराचे कान कधी मागे गेले, ते कधी बिथरतंय, हे त्याला शिकवावं लागत नाही.

कुत्रा दुसऱ्या वर्षी. लॅब्रॅडोरच्या मागे लागू नका, या उन्हात गावठी कुत्रा टिकतो. वय किमान दोन वर्षं, रेबीजची लस दरवर्षी. वारंवार जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं दिसलं की सत्र थांबवा, तो ‘पुरे’ म्हणतोय. काही घरांत कुत्र्याला शिवणं चालत नाही, आधी विचारा. दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवून थेट दवाखाना, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. ससा इथल्या उन्हात तग धरत नाही आणि नीट न उचलल्यास त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो. पोपट, कासव तर नकोच: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट आणि कासव पाळणंच गुन्हा आहे.

घोड्याला एका मुलामागे तीन माणसं लागतात: एक दोरी धरायला, दोन दोन्ही बाजूंना. खोगिरासह भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेची डॉक्टरी तपासणी झाल्याशिवाय बसवायचं नाही, कारण मानेचे मणके सैल असू शकतात. ग्लँडर्सची (घोड्यांचा, माणसालाही होणारा आजार) रक्ततपासणी खरेदीआधी. आणि सारंगखेड्याला बरेच घोडे नाचासाठी तयार केलेले असतात. ढोल किंवा टाळी ऐकली की पाय उचलतात. आनंदाने टाळ्या वाजवणारं मूल पाठीवर असेल तर काय होईल, याचा विचार सौद्याआधी करा.

विम्याबद्दल एक गैरसमज दिसतो. जनावराचा विमा जनावर मेलं तर पैसे देतो, मुलाला लागलं तर नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी वेगळी काढावी लागते, आणि अर्जात ‘मुलं आणि जनावरं एकत्र’ हे स्पष्ट लिहावं लागतं.