धबधबा नंतर बघू

पावसाळ्यात गोकाक फॉल्सला आलेला माणूस घटप्रभेकडं तोंड करून उभा राहतो. लाल, गढूळ पाणी 52 मीटर खाली कोसळत असतं, छत्र्या उलट्या होतात, मोबाइल वर होतात. परवा दुपारी मीही तिथंच होतो, फक्त माझं तोंड सूतगिरणीकडं होतं. बायको म्हणाली, "अहो, पाणी इकडं पडतंय की!"

त्याला मे महिना जबाबदार. बेळगावहून आम्ही मामाकडं जायचो ते सुट्टीत, आणि मेमध्ये कसला धबधबा? वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा. पाणी तिथंच अडायचं, कालव्यांत जायचं. आमच्या वाट्याला कोरडा खडक. मग बघायचं काय, तर झुलता पूल आणि गिरणी. पूल 200 मीटरच्या आसपास लांब. मामेभाऊ मधोमध जाऊन मुद्दाम उड्या मारायचा. 14 मीटर खालचा खडक मेमध्ये अगदी स्वच्छ दिसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

1885 साली कंपनी निघाली ती या कड्यावरून पडणाऱ्या पाण्यावर यंत्रं फिरवायची म्हणून. दोन वर्षांत गिरणी सुरूही झाली. मामा तिथं स्पिनिंग खात्यात. पहिली पाळी करून आला की भुवया पांढऱ्या, कानांच्या मागं कापूस. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवायची सवय, त्यामुळं घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला कळायचं. खात्यात कानडी, घरात मराठी, दोन्ही तितक्याच मोठ्यानं. जेवताना कुणाच्या सदऱ्याचा धागा लोंबताना दिसला की उष्टा हात मांडीवर ठेवून डावा पुढं यायचा. चिमटीत धागा, एक पीळ, हलकासा ताण. तुटला की निकाल: "कच्चं सूत!" नवा सदरा घालून त्याच्या पंगतीला बसायची कुणाची छाती नव्हती. मामी वैतागायची, "घरात तरी गप जेवा की."

परवा तासभर होतो तिथं. भोंगा काही ऐकू आला नाही. माझ्या कानालाच त्याची वाट बघायची खोड आहे, त्याला कोण काय करणार.

शेवटी बायकोनं दंडाला धरून धबधब्यासमोर उभं केलं. चांगलाय. पाणी बरंच आहे. मग करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, घ्यायला गावात गेलो. तिथं डिंक जास्त असलेला घ्यायचा की काजू जास्त असलेला, यावरून आमचं चांगलंच वाजलं. मला डिंकाचा लागतो.