कोहातली कोष्टकं: वाचनालयाच्या कामाची पुढची नोंद

कोहा म्हणजे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचा सर्व्हर चढवून झाला, लॉगिन मिळालं, की पुष्कळ जण लगेच पुस्तकांच्या नोंदी करायला बसतात. आम्ही मुद्दाम थांबलो. तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, संध्याकाळी थोडा वेळ देऊ शकणारे आम्ही काही हौशी लोक आणि शाईने लिहिलेल्या दाखल नोंदवह्या, एवढ्यावर काम चाललं आहे. हजारो पुस्तकं एकदा आत गेली की त्यांच्या खालची कोष्टकं हलवणं जड जातं. म्हणून या टप्प्यात कोहाचा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ हा एकच भाग धरला: साहित्याचे प्रकार, सभासदांचे वर्ग, कपाटांचे कोड, मार्क फ्रेमवर्क (‘मार्क’ या ग्रंथालयीन नोंदपद्धतीतल्या पुस्तकनोंदीचा साचा) आणि देवघेवीचे नियम.

कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये बनायला लागला आणि २००० च्या सुरुवातीला तिथे चालू झाला. छोट्या ग्रंथालयाच्या गरजेतून तो आला हे त्याच्या कोष्टकांत अजून दिसतं. जवळजवळ प्रत्येक गोष्ट ग्रंथालयाने स्वतः ठरवायची असते, आणि त्यामुळे ती ठरवावीच लागते.

काम चालू प्रतीवर करायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. त्याच यंत्रावर ‘कोहा-क्रिएट’ या आज्ञेने दुसरी, प्रयोगाची प्रत उभी केली. प्रत्येक बदल आधी तिथे करायचा, खोटे सभासद आणि खोटी पुस्तकं घेऊन देवघेव करून पाहायची, मग खऱ्या प्रतीत. खऱ्या प्रतीला हात लावण्याआधी ‘कोहा-डंप’, म्हणजे सगळ्या माहितीची राखीव नक्कल, काढायचा. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण नियमांच्या कोष्टकात तिचा फार उपयोग झाला. ते पुढे येईलच.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती साहित्यप्रकारांवर. नोंदवहीत कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र, प्रवासवर्णन, वैचारिक असे रकाने आहेत, आणि पहिला सूर असाच होता की तेवढे ‘आयटम टाइप’ करून टाकावेत. मला हे पटत नाही. आयटम टाइप हा देवघेवीचा नियम ठरवतो. कादंबरी आणि चरित्र दोन्ही तितक्याच दिवसांसाठी, त्याच दंडाने जात असतील, तर नियमाच्या दृष्टीने ती एकच गोष्ट आहे. पंधरा प्रकार आणि सभासदांचे चार वर्ग धरले तर नियमांच्या साठ जोड्या होतात, आणि उद्या मुदत बदलली की त्यातल्या किती ओळी दुरुस्त कराव्या लागतील याचा विचार करा.

म्हणून प्रत्येक माहितीला आम्ही एकच प्रश्न लावला: हिच्यामुळे काय बदलतं? काउंटरवरचा नियम बदलत असेल तर आयटम टाइप. वाचकाला शोधताना कामाचा साहित्यप्रकार असेल तर कलेक्शन कोड. पुस्तक उचलायला कुठे जायचं हे सांगत असेल तर शेल्फिंग लोकेशन. या हिशेबाने आयटम टाइप उरले चार: पुस्तक, संदर्भग्रंथ, मासिक, दिवाळी अंक. कादंबरी-कथा-नाटक गेले कलेक्शन कोडमध्ये, म्हणजे मार्क नोंदीत कोहा प्रत्यक्ष पुस्तकाची माहिती ठेवतो त्या ९५२ या क्षेत्रातल्या ‘८’ या उपक्षेत्रात. कपाटं गेली त्याच क्षेत्रातल्या ‘सी’ उपक्षेत्रात. वाचकांच्या बाजूला काही गमवावं लागत नाही, कारण ‘ॲडव्हान्स्ड सर्च टाइप्स’ या सिस्टिम प्रेफरन्सने, म्हणजे कोहाच्या एका सेटिंगने, शोधाच्या पानावर तिन्ही टॅब दाखवता येतात. ज्यांनी आधीच वीस आयटम टाइप केले असतील त्यांनी एकदा नियमांचं पान उघडून किती ओळी एकसारख्या आहेत ते पाहावं.

कपाटं आणि साहित्यप्रकार दोन्ही ‘ऑथराइज्ड व्हॅल्यूज’ या कोष्टकात राहतात. त्यात प्रत्येक ओळीला एक कोड असतो, कर्मचाऱ्यांना दिसणारं वर्णन वेगळं आणि वाचकांना दिसणारं वर्णन वेगळं. पुस्तकाच्या नोंदीत साठतो तो फक्त कोड. वर्णन कितीही वेळा बदला, सगळीकडे ताबडतोब नवं दिसतं. कोड मात्र बदलला तर आधीच्या पुस्तकांत जुनाच राहतो, आणि कोष्टकातून ओळ काढून टाकली तर त्या पुस्तकांचा कोड अनाथ होतो. आयटम टाइप वापरात असेल तर कोहा तो पुसू देत नाही, इथे तसा अडसर नाही. आयटम टाइपचा कोड तर एकदा जतन केल्यावर पडद्यावरून बदलताच येत नाही, आणि त्याला जागा दहाच अक्षरांची.

यावरून आमचा नियम असा ठरला: कोड लहान, रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आणि त्यात बदलू शकणारी कोणतीही गोष्ट नाही. ‘खिडकीजवळचं कपाट’ असा अर्थ कोडात घातला आणि कपाट हललं, की कोड खोटं बोलायला लागतो. वर्णन मात्र शुद्ध मराठीत, अगदी कपाटावरच्या पाटीवर जसं लिहिलं आहे तसं.

कोड देवनागरीत का नाहीत, असं एका मित्राने विचारलं. त्याचं कारण तांत्रिक आहे. ‘दुर्मिळ’ आणि ‘दुर्मीळ’ दोन्ही लिहिलं जातं. त्याहून अवघड म्हणजे ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र. कोणी तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने टाइप करतं, कोणी साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी त्या दोन वेगळ्या ओळी आहेत. वर्णनात हे चालून जातं. कोडात असं झालं तर एकाच कपाटाची दोन कपाटं होतात आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.

अजून एक बारकावा. ‘देय नाही’ (म्हणजे घरी न द्यायचे), ‘हरवलेले’, ‘खराब’, ‘निर्लेखित’ या चार अवस्थांचे कोड आकडेच हवेत. शून्य म्हणजे अवस्था लागू नाही. ‘देय नाही’ या यादीत ऋण आकडा दिला तर पुस्तक नेता येत नाही, पण त्यासाठी नंबर लावता येतो. मागवलेल्या पण अजून न आलेल्या पुस्तकांसाठी हे फार सोयीचं आहे. संदर्भग्रंथांना आम्ही धन आकडा दिला.

फ्रेमवर्कमध्ये फार खोल गेलो नाही. पुस्तकांसाठी एक आखूड फ्रेमवर्क केलं, न लागणारी उपक्षेत्रं संपादकातून लपवली आणि फाइल निर्यात करून ठेवली. दाखल क्रमांक कुठे जावा यावर मात्र माझं मत ठाम आहे: ९५२ मधल्या ‘आय’ उपक्षेत्रात, जिथे कोहा वस्तूचा साठा क्रमांक ठेवतो. बारकोड वेगळा असू द्या. बारकोडचा कागद फाटतो, बदलतो, पण दाखल क्रमांक त्या पुस्तकाची वाचनालयातली कायमची ओळख आहे आणि तपासणीला येणारे अधिकारीही तोच विचारतात. ‘युनिक आयटम फील्ड्स’ या प्रेफरन्समध्ये बारकोडबरोबर साठा क्रमांकही घातला, म्हणजे तोच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना देऊ लागलो की कोहा अडवतो. बदल झाल्यावर ‘मार्क फ्रेमवर्क टेस्ट’ जरूर चालवा. जोडण्यांतल्या त्रुटी ती नेमक्या दाखवते.

वर्गांक ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीचे आहेत, मराठी साहित्यासाठी ८९१.४६ आणि त्यापुढे प्रकार. बालविभागात मात्र वाचनालयाची स्वतःची जुनी अक्षर-आकडा पद्धत आहे. ती मोडायची नाही असं ठरलं, म्हणून त्या पुस्तकांना वर्गीकरणाचा स्रोत ‘इतर’ ठेवला.

आता देवघेवीचे नियम.

ग्रंथपाल ताईंसमोर बसून नियम विचारले तेव्हा त्यांनी एका दमात सांगितले: “साधारण सभासदाला दोन पुस्तकं पंधरा दिवस. बालसभासदाला एक, तेही पंधरा दिवस. दिवाळी अंक चार दिवसांच्या वर द्यायचा नाही. आणि बालसभासदाच्या कार्डावर तर द्यायचाच नाही, आईवडिलांच्या कार्डावर न्या म्हणावं.” माणसाला हे सहज समजतं. कोष्टकाला क्रम लागतो.

कोहा नियम शोधताना तीन गोष्टी पाहतो: शाखा, सभासदाचा वर्ग, साहित्याचा प्रकार. प्रत्येकीची नेमकी किंमत किंवा ‘सर्व’, अशा मिळून आठ पायऱ्या होतात. नेमकी शाखा, नेमका वर्ग, नेमका प्रकार ही पहिली. मग तीच शाखा, तोच वर्ग, सर्व प्रकार. मग तीच शाखा, सर्व वर्ग, नेमका प्रकार. मग त्या शाखेची ‘सर्व-सर्व’ ओळ. त्यानंतर याच चार पायऱ्या ‘सर्व शाखां’साठी. पहिली जुळली की पुढे पाहत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सभासदाचा वर्ग साहित्याच्या प्रकाराआधी येतो. समजा ‘बालसभासद, सर्व प्रकार: पंधरा दिवस’ अशी एक ओळ आहे आणि ‘सर्व वर्ग, दिवाळी अंक: चार दिवस’ अशी दुसरी. बालसभासदाने अंक आणला तर पहिली ओळ आधी जुळते आणि अंक पंधरा दिवसांसाठी जातो. काउंटरवर कोणाच्या लक्षातही येणार नाही. उपाय म्हणजे ‘बालसभासद, दिवाळी अंक’ अशी स्वतंत्र ओळ लिहून त्यात एका वेळी नेता येणाऱ्या संख्येत शून्य घालणं. तो रकाना रिकामा ठेवू नका, कारण रिकामा म्हणजे कितीही.

दुसरी गोष्ट शाखेची. शाखा सगळ्यांच्या आधी पाहिली जाते. एकच शाखा असलेल्या वाचनालयात काही ओळी ‘सर्व शाखा’खाली आणि काही शाखेच्या नावाखाली लिहिल्या, तर शाखेखालची एक साधी ‘सर्व-सर्व’ ओळ बाकी सगळे काळजीपूर्वक लिहिलेले नियम झाकून टाकते. म्हणून एकच जागा धरा. आम्ही सगळं ‘सर्व शाखा’खाली ठेवलं आणि शाखेचं पान पूर्ण कोरं. सर्वात तळाला ‘सर्व-सर्व-सर्व’ अशी एक ओळ असलीच पाहिजे, म्हणजे कोणतीही जोडी नियमाविना राहत नाही.

पूर्वी हे नियम एका कोष्टकात, एका जोडीला एक लांब ओळ अशा रूपात होते. २०.०५ आवृत्तीपासून ते ‘सर्क्युलेशन रूल्स’मध्ये गेले आहेत, जिथे प्रत्येक नियमाच्या प्रत्येक किमतीला स्वतंत्र ओळ आहे. जुने एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) अहवाल कोणी वाटत असेल तर आधी ते कोणत्या आवृत्तीचे आहेत ते पाहा.

प्रयोगाच्या प्रतीत प्रत्येक वर्ग आणि प्रत्येक प्रकार यांच्या जोडीने एकेक खोटं पुस्तक दिलं आणि आलेली परतीची तारीख ताईंना दाखवली. त्यांनी तारखा पाहून होकार दिला, तेव्हाच नियम खऱ्या प्रतीत गेले. नियमांची भाषा त्यांनी वाचण्याची गरज नाही. त्यांना तारीख बरोबर दिसली पाहिजे.

परतीच्या तारखेवर सुट्ट्यांचाही परिणाम होतो. वाचनालय सोमवारी बंद. ‘यूज डेज मोड’ हा प्रेफरन्स ‘कॅलेंडर’वर असेल तर बंद दिवस मोजलेच जात नाहीत, आणि मंगळवारी नेलेलं पंधरा दिवसांचं पुस्तक सतराव्या दिवशी, शुक्रवारी देय होतं. ‘डेट ड्यू’वर असेल तर दिवस सरळ मोजले जातात, फक्त शेवटचा दिवस बंद निघाला तर तारीख पुढच्या उघड्या दिवसावर जाते. वाचनालयाची रीत हीच आहे, म्हणून दुसरा पर्याय घेतला. गुरुवारी नेलेला दिवाळी अंक सोमवारऐवजी मंगळवारी देय होतो. दंडासाठी ‘फाइन्स कॅलेंडर’ वेगळा आहे, तोही बघून ठेवा. नाहीतर गणपतीच्या सुट्टीचा दंड सभासदाच्या नावावर चढेल.

अनामत रकमेसाठी कोहात तयार जागा सापडली नाही. वार्षिक वर्गणी सभासद वर्गाच्या नोंदणी शुल्कात बसते, पण अनामत परत द्यायची असते. तिची रक्कम आणि पावती क्रमांक आम्ही सभासदाच्या जादा गुणधर्मांत, म्हणजे ‘पेट्रन ॲट्रिब्यूट’मध्ये ठेवले आहेत. हिशेब अजून खातेवहीतच.

ज्यांना थेट एसक्यूएल लिहून कोष्टकं बदलायची सवय आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कोहा प्रेफरन्स आणि फ्रेमवर्क मेमकॅश्ड या तात्पुरत्या साठ्यात ठेवतो. डेटाबेसमध्ये बदल केला तरी मेमकॅश्ड आणि कोहा चालवणारा प्लॅक पुन्हा सुरू करेपर्यंत तो पडद्यावर दिसेलच असं नाही. शिवाय पडद्यावरून बदललेला प्रेफरन्स कृतींच्या नोंदीत उतरवता येतो, आणि सहा महिन्यांनी ‘हे कोणी, कधी बदललं’ याचं उत्तर तिथे मिळतं. थेट बदलाची अशी खूण राहत नाही. कपाटांच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे: प्रत्येक पुस्तकाला सध्याचं ठिकाण आणि कायमचं ठिकाण असे दोन रकाने असतात. एसक्यूएलने एकच बदलला तर दोन्ही वेगळं सांगू लागतात. कपाटाचा कोड बदलायचाच असेल तर ‘बॅच आयटम मॉडिफिकेशन’ हे अनेक पुस्तकं एकदम बदलण्याचं साधन वापरा. एसक्यूएल मी वाचण्यापुरतं ठेवलं आहे. पुस्तकांतले कोड ऑथराइज्ड व्हॅल्यूजशी जोडून, जोडी न सापडलेले मोजणारा एक अहवाल केला आहे. त्याचं उत्तर शून्य ओळी असेल तर कोष्टकं ठीक आहेत.

पुढचा टप्पा शोधाचा. झेब्रा या कोहाच्या शोधयंत्राच्या मूळ अक्षरनकाशावर देवनागरी नीट शोधली जात नाही, म्हणून आयसीयू हे युनिकोड मजकूर हाताळणारं साधन लावायचं आहे. तिथे एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. युरोपीय भाषांतली अक्षरांवरची चिन्हं गाळण्यासाठी ‘नॉनस्पेसिंग मार्क’ (स्वतःची वेगळी जागा न घेणारी चिन्हं) काढून टाकणारा नियम सर्रास लिहिला जातो. युनिकोडमध्ये आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच गटात मोडतात. काना, वेलांटी आणि विसर्ग नाहीत. तो नियम आयसीयूच्या नियमांच्या साखळीत राहिला तर ‘कुल’ आणि ‘कल’ एकच होतात, ‘काल’ मात्र वेगळा राहतो. मराठीसाठी तपासलेली आयसीयू साखळी कोणाकडे चालू असेल तर ती पाहायला आवडेल. त्या बदल्यात आमच्या पुस्तकांच्या फ्रेमवर्कची फाइल आणि अनाथ कोड शोधणारा अहवाल, दोन्ही देतो.