अंगरख्यावरची फुली

रविवार, रात्र

आज जेवताना दादाने विनूला दुकानाबद्दल विचारले. विनूने पोळीचा तुकडा आमटीत बुडवला होता, तो त्याने तोंडात न घालता ताटाच्या कडेला ठेवून दिला आणि मान वर करून पाहिले, ते दादाकडे नव्हे, माझ्याकडे. पुढे ताकभात झाला, सगळ्यांचे हात धुऊन झाले, कुणाच्या काही लक्षातही आले नसेल. मला मात्र ती नजर सोडत नाही, कारण दुकानाचा विषय त्याच्यासमोर काढू नकोस, त्याच्या मनाला ते फार लागले आहे, असे दादाला गेल्या आठवड्यात फोनवर मीच सांगितले होते.

दुपारी झोप लागेना, म्हणून फ्रित्स लांग यांच्या १९२४ सालच्या 'डी निबेलुंगेन' या मूकपटाचा पहिला भाग पुन्हा लावला. ज्या ड्रॅगनबद्दल सगळे भरभरून बोलतात आणि जो आत शिरलेल्या माणसांनी हलवला होता, तो येऊन गेला तरी माझे मन थाऱ्यावर नव्हते. अंगाला कुठलेच शस्त्र लागू नये म्हणून नायक सीगफ्रीड त्याच्या रक्तात न्हातो, पण लिंडेनच्या झाडाचे एक पान पाठीवर पडून तेवढीच जागा कोरडी राहते, तेव्हा मी सावरून बसले. पुढचे मला ठाऊक होते. त्याचे रक्षण करायचे असे सांगून हागेन हा दरबारी सरदार त्याच्या बायकोला, क्रीमहिल्डला, ती जागा विचारतो आणि ती नवऱ्याच्या अंगरख्यावर नेमकी तिथेच आपल्या हाताने फुली भरते. १२०० च्या सुमारास रचलेल्या मूळ महाकाव्यात तर ती फुली बारीक रेशमाने, कुणाच्या सहज नजरेस पडू नये अशी घालायचे ती ठरवते. झऱ्याशी पाणी पिणाऱ्या सीगफ्रीडला हागेनचा भाला लागतो तो तिथेच.

आजवर या प्रसंगात मला हागेनचाच संताप यायचा. आज मी तिच्या सुईकडे पाहत राहिले. किती मन लावून घातलेले टाके आहेत ते! आपल्या माणसाला कुठे दुखते हे आपल्याला कळते, कारण त्याने विश्वासाने ते आपल्याला दाखवलेले असते. मग त्याला कुणी धक्का लावू नये म्हणून आपण ते दुसऱ्याला सांगतो, आणि सांगताक्षणी ती जागा उघडी पडते. मी विनूची काळजीच केली ना? सगळ्यांचे सांभाळायचे मी, रात्र रात्र जागायचे मी, आणि ती नजरही माझ्याच वाट्याला यावी, या विचाराने मला संध्याकाळी रडू आले.

आईला यातले काही कळू दिलेले नाही. 

या मूकपटाची पटकथा थेआ फॉन हार्बू यांची आहे. आपल्याकडचे पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी पुढे त्यांनी जर्मनीत गुपचूप लग्न केले, कारण नाझी राजवटीत ते उघडपणे करणे शक्य नव्हते. जपायचे म्हणजे लपवायचे, हे त्यांना तेव्हा किती जवळून कळले असेल, असे आज वाटून गेले.

दुसऱ्या भागात क्रीमहिल्ड हूणांचा राजा एत्सेल याच्याशी लग्न करते, भावांना आपल्या घरी बोलावते आणि एकट्या हागेनचा जीव घेण्यासाठी सगळे कूळ संपू देते. इतक्या वेळा पाहूनही तिला आपल्या त्या टाक्यांची आठवण झालेली मला कुठे दिसली नाही. हागेनवरचा राग धरून ठेवला की सुईकडे पाहावे लागत नाही, म्हणून तर तिने तो इतका जपला नसेल?

दादा काही हागेन नाही. विचारल्यावर तो लगेच म्हणाला होता, "काही लागले तर सांग रे, संकोच करू नकोस." त्यालाही काळजीच होती, आणि ती मीच त्याच्या मनात घातली होती. दुपारभर त्याच्यावर धरलेला राग आता ओसरला आहे, आणि माझ्या हातून झाले ते झाले, हेही मी मान्य केले आहे.

उद्या विनू कामावरून आला की त्याच्याकडे जाईन. दादाला मी सांगितले होते, हे त्याने ओळखलेलेच आहे, तरीही ते त्याला माझ्या तोंडून कळायला हवे. ते सांगताना का सांगितले याचे कारण मात्र मी पुढे करणार नाही.