एक केस आणि निम्मा वर्ग गैरहजर

१० जानेवारी २०२२, सोमवार. ओमिक्रॉनची लाट न्यू जर्सीत अगदी टोकाला होती. मी मध्य न्यू जर्सीतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या मुख्य कार्यालयात काम करते. पटसंख्या, हजेरी, परीक्षांचे निकाल आणि राज्याला पाठवायचे अहवाल हे माझं नेहमीचं काम. कोविड आल्यावर त्यात एका तक्त्याची भर पडली: कुठल्या शाळेत किती विद्यार्थी पॉझिटिव्ह, किती कर्मचारी पॉझिटिव्ह, किती जण क्वारंटीनमध्ये. हा तक्ता रोज दुपारी चारला आमच्या वेबसाइटवर जायचा आणि चार वाजून पाच मिनिटांनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरायला लागायचा.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. एखाद्या गावाच्या किंवा टाउनशिपच्या शाळांचा तो कारभार असतो. त्याचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं, घरपट्टीतून येणारा पैसा असतो आणि सगळ्यांच्या वर सुपरिंटेंडंट असतो. एवढ्याशा न्यू जर्सीत असे सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. त्यामुळे साथीत शाळांमधल्या केसेस मोजायच्या कशा, दाखवायच्या कशा, हे प्रत्येकानं आपापल्या परीनं ठरवलं. कुणी चालू केसेस दाखवत होतं, कुणी सप्टेंबरपासूनची बेरीज, तर कुणी काहीच नाही. देशभरातल्या शाळांची एकत्रित मोजणी केंद्र सरकारनं केलीच नाही. २०२०च्या सप्टेंबरमध्ये ब्राउन विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ एमिली ऑस्टर यांनी मुख्याध्यापकांच्या आणि सुपरिंटेंडंटांच्या संघटनांना बरोबर घेऊन एक डॅशबोर्ड उभा केला, तोही ज्या शाळांनी आपणहून माहिती दिली त्यांचाच. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात शाळेतल्या आजारी मुलांचा आकडा अशा स्वेच्छेवर सोडला गेला, याचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

आमच्याकडे एक केस तक्त्यात यायची ती अशी. घरून शाळेच्या नर्सला फोन येतो: मूल पॉझिटिव्ह आहे. नर्स विचारते, लक्षणं कधीपासून? टेस्ट कुठली, कधी केली? शाळेत शेवटचं कधी आलं होतं? त्या उत्तरांवरून ती फॉर्म भरते. तो माझ्याकडे येतो आणि स्थानिक आरोग्य खात्याकडेही जातो. लॅबमधल्या टेस्टचा निकाल लॅबकडून परस्पर राज्याच्या यंत्रणेत पोचतो. घरी केलेल्या टेस्टचं तसं नाही, आईवडिलांनी सांगितलं तरच ती आम्हाला कळते.

त्यानंतर नर्सचं खरं काम सुरू होतं, संपर्क शोधायचं. सहा फुटांच्या आत, चोवीस तासांत मिळून पंधरा मिनिटं, म्हणजे निकटचा संपर्क. वर्गात दोन्ही मुलांनी मास्क नीट लावलेला असेल आणि मध्ये निदान तीन फूट असतील, तर तो संपर्क धरायचा नाही. म्हणून सगळी मदार जेवणाच्या सुट्टीवर यायची, कारण मास्क तेवढ्या वेळच उतरायचे. आमच्या नर्सकडे प्रत्येक टेबलाचा नकाशा होता, कोण कोणासमोर बसतं त्याचा. पाच वर्षांची मुलं नकाशाप्रमाणे बसतात थोडीच! मग जेवणाच्या वेळी देखरेख करणाऱ्या बाईंना फोन, बसच्या ड्रायव्हरला फोन, मधेच एखादं मूल वर्गात उलटी करतं म्हणून धावपळ. चारशेच्या वर मुलं आणि नर्स एकटी. त्या दोन वर्षांत या बायकांनी जे केलं त्याची कुठेच नीट नोंद नाही.

त्या सोमवारी भर पडली नव्या नियमांची. सीडीसी या देशपातळीवरच्या साथरोग नियंत्रण संस्थेनं २७ डिसेंबरला विलगीकरण दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आणलं होतं, पण शाळांसाठीच्या सूचना बदलल्या ६ जानेवारीला, गुरुवारी. सहाव्या दिवशी मूल परत येऊ शकतं, मात्र पुढचे पाच दिवस मास्क सतत हवा. मग ते जेवणार कुठे? प्रत्येक शाळेत अशा मुलांसाठी वेगळी खोली, वेगळा माणूस. माणसं तर मुळातच कमी होती, कारण शिक्षकही आजारी होते.

बाराच्या सुमाराला एक फोन माझ्यापर्यंत आला. एरवी पालकांचे फोन माझ्याकडे येत नाहीत. बाईंनी वेबसाइटवर तक्त्याखाली माझं नाव वाचलं होतं. इंग्रजीत दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही मराठी ना? आडनावावरून वाटलं.” मी हो म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला.

“ताई, माझी मुलगी किंडरगार्टनमध्ये आहे. शुक्रवारी पत्र आलं, वर्गात एक जण पॉझिटिव्ह. तुमच्या तक्त्यातही त्या शाळेपुढे एकच आकडा आहे. पण त्या दिवशी ती घरी येऊन सांगत होती, आज आम्ही वर्गात नऊच जण होतो. मला फक्त एवढं सांगा, ते एक मूल कोण? माझ्या मुलीच्या शेजारी बसतं का? घरी सासूबाई आहेत हो. दोन वर्षांनी नात बघायला आल्यात.”

८ नोव्हेंबर २०२१ला अमेरिकेनं लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना दारं उघडली, तेव्हा इथल्या कितीतरी मराठी घरांत आजीआजोबा येऊन पोचले. या बाईंच्या सासूबाई त्यांतल्याच. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह.

नाव मी सांगू शकत नव्हते. पालक अशा वेळी हिपाचं, म्हणजे रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचं नाव घेतात, पण शाळेच्या नोंदींना लागू होतो तो १९७४चा फर्पा हा कायदा. आणीबाणीत आरोग्य खात्याला नाव देता येतं. इतर पालकांना द्यायचं ते मूल ओळखू येणार नाही अशाच पद्धतीनं. हा कायदा मला मनापासून पटतो. आधीच्या वर्षी एका मुलाचं नाव पालकांच्या ग्रुपवर फुटलं होतं. तो शाळेत परतल्यावर महिनाभर त्याच्या शेजारी कुणी बसेना. मी बाईंना म्हटलं, “नाव नाही सांगता येणार. आणि सांगितलं तरी तुमची काळजी मिटणार नाही. ते एक मूल आम्हाला माहीत असलेलं. तुमची मुलगी नऊ म्हणाली ना, ते मला बघू द्या. तोवर आज ती घरी आली की आजींपासून लांब झोपवा, दोघींना मास्क लावा, खिडकी जरा उघडी ठेवा. मी संध्याकाळच्या आत फोन करते.”

नऊ. एका तुकडीत एकोणीस मुलं. मी हजेरी उघडली.

इथे सगळ्या शाळांत सकाळी हजेरी घेतली जाते आणि गैरहजर मुलापुढे कारणाचा कोड पडतो: आजारी, क्वारंटीन, प्रवास, कारण कळवलं नाही. त्याच्या शेजारी एक मोकळी जागा असते. पालक फोनवर जे सांगतात ते शाळेच्या सेक्रेटरी तिथे टाइप करतात. अहवालांत ती जागा कधीच येत नाही, कारण तिची बेरीज होत नाही. मी किंडरगार्टनच्या तिन्ही तुकड्यांची ती जागा वाचत गेले. ताप. खोकला आणि ताप. रात्रभर ताप, टेस्ट मिळाली नाही. घसा दुखतो. पीसीआर शनिवारी दिली, रिझल्टची वाट. भावाला ताप, म्हणून दोघं घरी. टेस्ट कुठेच नाही, मिळाली की कळवतो. तिन्ही तुकड्यांत मिळून जवळजवळ निम्मी मुलं नव्हती. त्याच शाळेच्या तिसरी-चौथीची गैरहजेरी थोडी चढलेली, पण इतकी नव्हे. आदल्या वर्षीची तुलना निरर्थक होती, तेव्हा अर्धी मुलं घरूनच शिकत होती. म्हणून मी जानेवारी २०१९ आणि जानेवारी २०२०चे तेच आठवडे काढले. त्यांत असं काहीच नव्हतं.

केस मात्र एक. कारण त्या दिवसांत औषधांच्या दुकानांत घरच्या टेस्ट औषधालाही मिळत नव्हत्या आणि पीसीआरचा निकाल यायला कित्येक दिवस लागत होते. केस म्हणजे आजारी मूल नव्हे. ज्या मुलाला टेस्ट मिळाली, जिचा निकाल आला आणि ज्याच्या आईवडिलांनी तो कळवला, ते मूल. गाडीनं जाऊन दोन तास रांगेत उभं राहता येतं अशा घरांतल्या केसेस आमच्या तक्त्यात लवकर दिसत. ज्यांना गोदामातल्या शिफ्टची रजा मिळत नाही, त्यांची मुलं नुसती गैरहजर दिसत. ही शाळा अशाच वस्तीतली होती.

मी त्या शाळेच्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, “मला हे शुक्रवारपासून दिसतंय. मी मुख्याध्यापकांना सांगितलं. पण टेस्टशिवाय केस लिहायची नाही, असं आमच्या फॉर्मवर आहे.” तिच्या आवाजात थकवा होता. मी हजेरीचा कागद तिला पाठवला. आपण एकटीच हे बघत नाही, एवढ्यानंही तिला बरं वाटलं असावं.

दोन वाजता सुपरिंटेंडंट, मुख्य नर्स, त्या शाळेचे मुख्याध्यापक आणि स्थानिक आरोग्य खात्याच्या अधिकारी अशी बैठक झाली, स्क्रीनवरच. न्यू जर्सीत शाळेला आपल्या मर्जीनं ऑनलाइन जाता येत नाही. तो दिवस शाळेचा दिवस म्हणून धरला जायचा असेल, तर आरोग्य यंत्रणेचा लेखी निर्देश लागतो. सुपरिंटेंडंट म्हणाले, “एका केसवर मी निर्देश मागू कसा?” मी कागद दाखवला. आरोग्य अधिकारी बाईंनी शांतपणे तीनच प्रश्न विचारले. लक्षणं असलेली मुलं किती? ती एकाच खोलीत, एकाच टेबलांवर होती का? मोठ्या माणसांपैकी कोण आजारी आहे? तीनपैकी दोन वर्गांच्या मदतनीस बाई रजेवर होत्या, तापानंच.

मग त्या म्हणाल्या, “टेस्ट नसली तरी व्याख्या आहे. लक्षणं आहेत आणि खात्री झालेल्या केसशी संपर्क आहे, म्हणजे ती संभाव्य केस. ती मोजायची.” राष्ट्रीय व्याख्येत हे २०२०पासून होतं. आमच्या फॉर्मवर मात्र त्यासाठी रकानाच नव्हता. अर्ध्या तासात तिन्ही तुकड्या आठवडाभर घरून शिकवायचा निर्देश आला. पाच ते अकरा वयाच्या मुलांना लस खुली होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या वर्गांतल्या बऱ्याच मुलांचे दोन्ही डोस झालेले नव्हते, हेही त्यांनी त्यात लिहिलं.

खरा वाद झाला तो चार वाजताच्या तक्त्यावरून. मी म्हटलं, केसेसच्या शेजारी प्रत्येक शाळेची आजारपणाची गैरहजेरीही टाकू. मुख्याध्यापकांना ते नको होतं. लोक घाबरतील, आपल्याच शाळेचं नाव खराब होईल, शिवाय आजारपण म्हणजे काही सगळा कोविड नाही. शेवटचा मुद्दा बरोबर होता. पण ज्या आईला मुलीच्या तोंडून ‘नऊच जण’ कळलंय, तिला आम्ही ‘एक’ दाखवत राहिलो, तर उद्या आमच्या खऱ्या आकड्यावरही ती विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं काही चुकणार नाही. पालक घाबरतात ते आकडा मोठा असल्यामुळे नव्हे, आकडा आणि डोळ्यांना दिसणारं जुळत नाही म्हणून. हे मी तेव्हा मोठ्या आवाजात बोलले. मुख्य नर्स माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. शेवटी ठरलं: गैरहजेरी शाळेची दाखवायची, वर्गाची नाही. दहाच्या खालचा आकडा ‘दहापेक्षा कमी’ असा लिहायचा, म्हणजे कुठलंही एक मूल शोधून काढता येणार नाही. आणि वर सरळ भाषेत एक ओळ: केसेसचा आकडा फक्त आम्हाला कळवलेल्या टेस्टचा आहे.

तक्ता त्या दिवशी साडेपाचला गेला.

त्यानंतर मी त्या बाईंना फोन केला. पत्र येतंय, वर्ग उद्यापासून घरून, आणि कोण ते शोधायची गरज नाही, मुलीचा संपर्क झालाय असंच धरून चाला. त्यांनी विचारलं, “सासूबाईंना दुसरीकडे पाठवू का?” मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा, त्यांचं वय आणि मधुमेह सांगून ठेवा, बूस्टरचंही विचारा. दोन दिवसांनी मुलगी पॉझिटिव्ह आली. आजींना वरच्या खोलीत ठेवलं होतं, जेवणाचं ताट दाराशी. त्यांना काही झालं नाही, हे बाईंनी मला फेब्रुवारीत आवर्जून कळवलं.

निकाल येत गेले तसा त्या शाळेचा आकडा आठवडाभर रोज चढत राहिला. वर्ग तोवर रिकामे होते, पण आलेख बघणाऱ्याला वाटावं की साथ आत्ता सुरू झाली. राज्याच्या डॅशबोर्डवर शाळांमधल्या उद्रेकांची जी मोजणी होती, तिच्यात तर या मुलांपैकी फारच थोडी आली असतील. त्या मोजणीत फक्त तीच केस धरत, जिचा संसर्ग शाळेतच झाला हे तपासात निघालं. घरात भावाकडून की टेबलावर शेजाऱ्याकडून, हे जानेवारी २०२२मध्ये शोधायला कुणाकडे वेळ होता?

७ मार्चला राज्यानं शाळांमधली मास्कसक्ती उठवली. संपर्क शोधणं हळूहळू थांबलं, टेबलांचे नकाशे निघाले. ११ मे २०२३ला देशपातळीवरची आरोग्य आणीबाणी संपली, त्याच्या आधीच आमचं ते पान वेबसाइटवरून गेलं होतं. हजेरीतली ती मोकळी जागा मात्र मी आता दर सोमवारी वाचते. सेक्रेटरींना आम्ही चार शब्द ठरवून दिलेत, ताप, खोकला, उलटी, पुरळ, म्हणजे बेरीज करता येते. एखाद्या इयत्तेचा आकडा नेहमीच्या दुपटीवर गेला की त्याच सकाळी नर्सला आणि आरोग्य खात्याला कळतं. फ्लू असो, नोरोव्हायरस असो, टेस्टचा निकाल यायच्या आत.