पाच मायक्रॉनची पावडर उडाली कशी नाही?

कॉलमच्या, म्हणजे उभ्या नळीच्या, तळातून हवा सोडली तसा पावडरचा अख्खा थर एकसंध वर उचलला गेला, आडवा तडकला आणि खाली बसला. मग हवेनं कॉलमच्या भिंतीलगत एक वाट (चॅनेल) शोधली आणि तिथूनच निघून जाऊ लागली. बाकीची पावडर ढिम्म! कॅल्शियम कार्बोनेट, कण साधारण 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गरम हवेत ते सगळीकडून सारखे तापवायचे होते.

कॉलम पारदर्शक होता, पण खरी गोष्ट दाब मोजणारा मॅनोमीटर सांगत होता. थर नीट फ्लुइडाइज झाला, म्हणजे हवेवर तरंगून द्रवासारखा हलू लागला, की दाबातली घट ही थराचं वजन भागिले कॉलमचं क्षेत्रफळ एवढी यायला हवी. आमच्या थरासाठी ती पाण्याचे 150 मिलिमीटर. काटा 60 च्या पुढे जाईना. रबरी हातोडीनं ठोकलं की तेवढ्यापुरता चढायचा, पुन्हा चॅनेल पडलं की घसरायचा. गेल्डार्ट या संशोधकानं 1973 मध्ये पावडरींचे ए, बी, सी, डी असे गट पाडले, त्यातला हा एकमेकांना चिकटणाऱ्या बारीक कणांचा हट्टी सी गट. कणाचा व्यास दहापट घटला की वजन हजारपट घटतं. कणाकणांमधली ओढ मात्र दहापटच. मग कण सुटे होतील कसे?

साहेब म्हणाले, "वाळू घाला." साधारण 250 मायक्रॉनची, वजनानं चार भाग वाळूला एक भाग पावडर. मला ते पटलं नव्हतं. ही वाळू हलायला सेकंदाला पाचेक सेंटिमीटर वेगाची हवा लागते आणि 5 मायक्रॉनचा सुटा कण दोनेक मिलिमीटरच्या वेगालाच उडून जातो. म्हणजे हिशेबानं सगळी पावडर बॅग फिल्टरमध्ये, बाहेर जाणाऱ्या हवेतली धूळ अडवणाऱ्या कापडी पिशवीत!

आधी नुसती वाळू फ्लुइडाइज केली, मग वरून पावडर थोडी थोडी सोडली. थर उकळत्या पाण्यासारखा खदखदत राहिला. वर येणारे बुडबुडे वाळू घुसळत होते आणि ती वाळू पावडरचे गठ्ठे फोडत होती, चॅनेल धरूच देत नव्हती. दाब दोन्हींच्या एकत्रित वजनाच्या अगदी जवळ आला. आणि बॅग फिल्टर? जवळपास रिकामा. पावडर सुटी नव्हतीच, बारीक गोळ्या होऊन आणि वाळूच्या कणांवर लेप बसून थरातच राहिली होती. सकाळभर छळणारा चिकटपणाच तिला धरून होता. (साहेबांनी "बघा" म्हणण्याचा मोह टाळला, हे विशेष.)

काढायची कशी, हा पुढचा प्रश्न. चाळणीची जाळी लगेच बुजली. मग हवाच वाढवली. जोरात घुसळल्यावर वाळूवरची पावडर सुटून बॅग फिल्टरमध्ये जमा होऊ लागली, वाळू मागे राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या वाळूच्या खाचांमध्ये पांढरा थर दिसला, आणि पावडरमध्ये वाळूची झीज किती उतरली हे पाहायला नमुना लॅबला गेला. तो अहवाल येईपर्यंत वाळूऐवजी काचेचे मणी वापरायचे ठरलंय.